एटीसीत जायचंय? आधी कानाची आणि झोपेची तयारी करा

भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनियर एक्झिक्युटिव्ह (एटीसी) पदाची जाहिरात आली की मीरा रोड-भाईंदरच्या इंजिनीअरिंग आणि बीएस्सीच्या मुलामुलींत दोनच प्रश्न फिरू लागतात. पगार किती? आणि पोस्टिंग मुंबईत मिळेल का? २०२२ साली ४०० जागा निघाल्या, २०२३ मध्ये ४९६, २०२५ मध्ये ३०९. केंद्र सरकारच्या अखत्यारीतली पक्की नोकरी, तीही विमानतळावर, म्हटल्यावर घरचेही हुरळून जातात. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं पुढे दिली आहेत. पण ही नोकरी तुम्हाला पेलेल की नाही, हे वेगळ्याच दोन गोष्टींवर ठरतं: तुमचा कान आणि तुमची झोप. त्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून आधी त्याबद्दलच सांगतो.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. धावपट्टीजवळ हातात काठ्या घेऊन विमानाला जागेवर आणणारा माणूस म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलर नव्हे. त्याला मार्शलर म्हणतात. कंट्रोलर म्हणजे वैमानिकाशी रेडिओवर बोलून विमानांमधलं अंतर राखणारा माणूस. आणि प्रत्येक कंट्रोलर टॉवरमध्ये बसतो असंही नाही. मुंबई विमानतळाचा टर्मिनल १ जवळचा सुमारे ८४ मीटर उंच टॉवर तुम्ही लांबून पाहिला असेल. तिथून धावपट्टी, टॅक्सी-वे आणि विमानतळाच्या अगदी जवळचं आकाश सांभाळलं जातं. विमान उडालं की काही मिनिटांतच ते टॉवरच्या हातून निघून अ‍ॅप्रोचकडे जातं आणि पुढे एरिया कंट्रोलकडे. ही मंडळी खिडकी नसलेल्या खोलीत स्क्रीनसमोर बसतात. आयुष्यभर ही नोकरी करून ड्युटीवर असताना एकही विमान प्रत्यक्ष डोळ्यांनी न पाहणारे कंट्रोलर असू शकतात. विमानं बघायला मिळतील या ओढीनं अर्ज भरणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं.

भारताचं आकाश दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या विभागांत वाटलेलं आहे. त्यात मुंबईकडे अरबी समुद्राचा प्रचंड पट्टा येतो. एका बाजूला कराची आणि मस्कतची हद्द लागते, खाली मोगादिशू आणि सेशेल्सची. उत्तनच्या किनाऱ्यावरून पाहिलेलं आफ्रिकेकडचं विमान दिसेनासं झालं, तरी पुढे बराच वेळ ते मुंबईच्याच ताब्यात असतं. भर समुद्रात रडार पोचत नाही. तिथे हाय फ्रिक्वेन्सी रेडिओची खरखर ऐकत किंवा उपग्रहामार्फत लेखी संदेश पाठवून काम चालतं, आणि विमान कुठे असेल याचं चित्र वेळ व अंतराच्या हिशेबानं डोक्यात ठेवावं लागतं. एकाच खात्यातली, एकाच पगारश्रेणीतली ही कामं स्वभावानं फार वेगळी आहेत. टॉवरमध्ये सेकंदांची घाई असते, तर समुद्रावरच्या कामात तासांचा संयम लागतो.

मुंबईच्या धावपट्टीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या भागातल्या बहुतेक मुलांच्या डोळ्यांसमोर हाच विमानतळ असतो. इथे ०९/२७ आणि १४/३२ अशा दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात इथे १,०३२ उड्डाणं आणि उतरणी झाली. चोवीस तासांवर सरासरी काढली तर दर ८४ सेकंदांना एक. दिवसाच्या गर्दीच्या तासांत हे अंतर आणखी कमी होतं. एक विमान उतरून धावपट्टीवरून बाहेर पडतंय, दुसरं तोंडाशी उभं आहे, तिसरं चार-पाच मैलांवर खाली येतंय, अशा स्थितीत मधल्या विमानाला सोडायचं की थांबवायचं हे टॉवर कंट्रोलरला त्याच क्षणी ठरवावं लागतं. उतरलेल्या विमानानं बाहेर पडायला दहा सेकंद जास्त घेतली की अख्खा हिशेब बदलतो, आणि वेळ पडली तर येणाऱ्याला ‘गो अराउंड’ सांगून पुन्हा वर पाठवावं लागतं. प्रवाशांना ते भयंकर वाटतं. कंट्रोलरच्या दृष्टीनं तो बरोबर आणि वेळेवर घेतलेला निर्णय असतो.

हा हिशेब किती बारीक आहे, याचं उदाहरण ८ जून २०२४ चं आहे. मुंबईच्या धावपट्टी २७ वर एक विमान उड्डाणासाठी धावत होतं. ते जमिनीवरून उचललं जात असतानाच मागून दुसरं विमान त्याच धावपट्टीवर उतरलं. कुणाला इजा झाली नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं (डीजीसीए) चौकशी सुरू केली आणि संबंधित कंट्रोलरला ड्युटीवरून बाजूला केलं गेलं. या नोकरीत तुमचा रेडिओवरचा आणि फोनवरचा प्रत्येक शब्द रेकॉर्ड होतो. काही घडलं की ते रेकॉर्डिंग ऐकलं जातं. ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ या वाक्याला इथे किंमत नसते. ज्यांना अशा नोंदीखाली काम करताना सतत दडपण येतं त्यांनी दुसरी वाट धरलेली बरी. उलट ‘नोंद आहे म्हणजे माझीच बाजू पक्की आहे’ असं ज्यांना वाटतं, ते इथे रमतात.

आता कानाबद्दल. कंट्रोलर सूचना देतो: ‘डिसेंड टू फ्लाइट लेव्हल वन ट्री झीरो’. थ्रीला ट्री, फाइव्हला फाइफ आणि नाइनला नायनर म्हणायची जगभर पद्धत आहे, कारण खरखरीत आवाजात आकडे एकमेकांसारखे ऐकू येतात. वैमानिक ती सूचना जशीच्या तशी परत म्हणतो. याला रीडबॅक म्हणतात. नवखा कंट्रोलर इथेच घसरतो. स्वतःचं बोलून झालं की त्याचं मन पुढच्या विमानाकडे धावतं आणि परत आलेलं ‘वन वन झीरो’ त्याला ‘वन ट्री झीरो’च ऐकू येतं, कारण कानाला तेच अपेक्षित असतं. या कामाचं निम्मं कौशल्य बोलण्यात आहे आणि उरलेलं निम्मं अपेक्षेविरुद्ध ऐकण्यात. शिवाय एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकालाच बोलता येतं. दोघांनी एकदम बटण दाबलं की नुसती शिट्टी ऐकू येते आणि दोघांचंही बोलणं वाया जातं. उत्तन-पालीच्या ज्या घरांत मासेमारीची बोट आहे आणि बोटीवर व्हीएचएफ सेट आहे, त्या घरांतल्या मुलांना ही शिस्त वेगळी शिकवावी लागणार नाही. थोडक्यात बोला, समोरच्याचं संपू द्या, ऐकलेलं परत म्हणा.

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ यांची टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतले सर्वच्या सर्व ३४९ जण गेले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत असं निष्पन्न झालं, की कझाक विमान त्याला दिलेल्या १५ हजार फुटांच्या खाली उतरलं होतं. त्या वैमानिकांचं इंग्रजी कच्चं असल्याचा मुद्दाही पुढे आला. कंट्रोलरनं दिलेल्या उंच्या बरोबर होत्या. त्यानंतर आपल्याकडे बरंच बदललं. टक्कर टाळण्याची सूचना देणारं यंत्र विमानांत सक्तीचं झालं आणि दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले. या क्षेत्रात इंग्रजीची चाचणी एवढी कडक का, याचं उत्तर अशा अपघातांत आहे. कंट्रोलरला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मोजपट्टीवर किमान चौथी पातळी लागते आणि ती ठराविक काळानं पुन्हा सिद्ध करावी लागते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी इथे आवर्जून सांगतो, की घाबरू नका. इथे फर्डं इंग्रजी लागत नाही. स्पष्ट उच्चार, मध्यम वेग आणि ठरलेली वाक्यं लागतात, आणि त्याशिवाय एखादी अनपेक्षित अडचण साध्या शब्दांत सांगता-समजता यायला हवी. विमानात कुणाला छातीत कळ आली, चाकाचा टायर फुटला, इंधन कमी आहे, हे समोरचा कोणत्याही देशाच्या उच्चारात सांगेल आणि ते तुम्हाला एका फटक्यात कळलं पाहिजे. सराव घरीच करता येतो. मित्राला फोनवर चार आकडे असलेली सूचना इंग्रजीत वाचायला सांगा, ती लिहून न घेता परत म्हणा, मागे टीव्ही चालू ठेवून म्हणा. मग मित्राला मुद्दाम एखादा आकडा चुकवून परत म्हणायला सांगा आणि तो तुम्ही पकडता का ते बघा. महिनाभरात स्वतःचा अंदाज येतो.

आणखी एक सवय मोडायला हवी, आणि माझ्या मते ती भाषेपेक्षाही अवघड आहे. घरात, वर्गात, ऑफिसात मोठ्यांसमोर आपण न समजताही ‘हो हो’ म्हणत मान डोलावतो. एटीसीत ती सवय जीवघेणी ठरते. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायचं. समोर पंचवीस वर्षं विमान उडवणारा कॅप्टन असला तरी म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा म्हणावं लागलं तरी लाजायचं नाही. मला इतकीच विमानं झेपतात, पुढचं जरा थांबवा, हे शेजारच्याला सांगता येणं हा या नोकरीतला मोठा गुण मानला जातो.

खुर्ची बदलतानाची पद्धत पाहिली तर या कामाचा स्वभाव लगेच कळतो. ड्युटी घ्यायला आलेला कंट्रोलर थेट खुर्चीत बसत नाही. तो मागे उभा राहतो, हेडसेट लावतो आणि काही मिनिटं नुसता ऐकतो. कुठलं विमान कुठल्या उंचीवर आहे, कुणाला काय कबूल केलंय, कुठली धावपट्टी चालू आहे, कुठे ढग आहेत, कुठलं उपकरण बंद आहे, हे सगळं बसलेला माणूस ठरलेल्या क्रमानं सांगतो. दोघांची खात्री पटली की मगच खुर्ची सुटते. सुटल्यावरही आधीचा जरा वेळ तिथेच रेंगाळतो, एखादी गोष्ट सांगायची राहिली असेल म्हणून.

पावसाळ्यात मुंबईचा खरा कस लागतो. काळ्या ढगांच्या भिंतीतून कुणीच जायला तयार नसतं. प्रत्येक वैमानिक दहा मैल डावीकडे, वीस मैल उजवीकडे वळायची परवानगी मागतो, आणि रांगेत येणारी विमानं आकाशभर पांगतात. दृश्यमानता घसरली की घिरट्या सुरू होतात. घिरट्यांपुरतं इंधन संपत आलं की काही विमानं अहमदाबाद, हैदराबाद, नागपूरकडे वळतात. १ जुलै २०१९ च्या रात्री अशाच पावसात एक विमान उतरताना मुख्य धावपट्टीच्या पुढे निघून गेलं आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. सगळा भार १४/३२ वर आला. यंत्रंही दगा देतात. ७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत उड्डाणांची माहिती कंट्रोलरपर्यंत पोचवणारी संदेश यंत्रणा बंद पडली, तेव्हा ती कामं माणसांनी हातानं केली आणि शेकडो विमानांना उशीर झाला. तो उशीर सुरक्षिततेसाठी मोजलेला होता. प्रवाशांचा राग सोसून वेग कमी करण्याचं धैर्य कंट्रोलरकडे असावं लागतं.

आता झोप. ड्युटी तीन पाळ्यांत असते. अनेक ठिकाणी दुपार, सकाळ, रात्र आणि मग सुट्टी असा फेरा चालतो. म्हणजे शरीराला एकच वेळ कधीच लाभत नाही. स्क्रीनसमोर सलग बसायची मर्यादा साधारण दोन तासांची असते, मग विश्रांती मिळते, आणि ड्युटीच्या तासांवर डीजीसीएचे नियम आहेत. मद्य व अमली पदार्थांच्या चाचण्याही होतात. नियम कशासाठी आहेत हे १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगनवर दिसलं. झ्युरिकच्या नियंत्रण कक्षात एक कंट्रोलर विश्रांतीला गेला होता आणि दुसरा एकटाच दोन स्क्रीन सांभाळत होता. दुरुस्तीसाठी काही यंत्रणा बंद होत्या. दोन विमानं एकमेकांवर आदळली आणि ७१ जण दगावले.

मीरा-भाईंदरच्या संदर्भात झोपेचा प्रश्न फार व्यवहारी आहे. रात्रपाळी करून तुम्ही सकाळी घरी याल. त्या वेळी विरारच्या दिशेच्या गाड्यांना गर्दी कमी असते, तेवढं सुख. पण घर वन बीएचके असेल, हॉलमध्ये आजी टीव्ही पाहत असेल, खाली नवीन इमारतीचं पायलिंग सुरू असेल, तर दुपारी बारापर्यंत डोळा लागणार नाही. घरच्यांना आधीच सांगा, की ही झोप म्हणजे आळस नाही, ती नोकरीचाच भाग आहे. जाड पडदे, बंद दार आणि दुपारपर्यंत कुणी हाक मारायची नाही, हा नियम सगळ्यांनी पाळायला हवा. सकाळच्या पाळीला पहाटे उठून गर्दीची चर्चगेट लोकल धरावी लागेल. रात्री एक ते पहाटे चार लोकल बंद असतात, आणि पावसात रूळ पाण्याखाली गेले तरी ड्युटी चुकवता येत नाही, कारण तुम्ही पोचेपर्यंत आधीच्या माणसाला खुर्ची सोडता येत नाही. दिवाळी, गणपती, बहिणीचं लग्न, यांपैकी बरंच काही हुकेल. मुलींना वेगळी ड्युटी नसते. रात्रपाळी त्यांनाही येते, तेव्हा घरच्यांशी त्याचं बोलणं अर्ज भरण्याआधीच झालेलं बरं.

प्रवेशाची वाट तशी सरळ आहे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन तीन वर्षांची पूर्णवेळ बीएस्सी, किंवा कुठल्याही शाखेची पूर्णवेळ इंजिनीअरिंग पदवी, मात्र तिच्या एखाद्या सत्रात भौतिकशास्त्र व गणित हे विषय असायला हवेत. इथेच अनेकांची गफलत होते. बीएस्सी आयटी केली, पण भौतिकशास्त्र नव्हतं, तर ती पदवी चालत नाही. बारावीनंतर कॉलेज निवडतानाच हे पाहा आणि गुणपत्रिकेत दोन्ही विषय स्पष्ट दिसतील याची खात्री करा. वयाची मर्यादा २७, ओबीसींना तीन वर्षं आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं सवलत. परीक्षा संगणकावर होते. निम्मे प्रश्न गणित-भौतिकशास्त्राचे, निम्मे इंग्रजी, तर्क, अंकगणित आणि सामान्य ज्ञानाचे. अलीकडच्या परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापले गेलेले नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. पुढे कागदपत्रं, आवाजाची चाचणी, अमली पदार्थांची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. रंग ओळखण्यात दोष असेल तर वैद्यकीय तपासणीत अडचण येते. म्हणून अभ्यासाला बसण्याआधी भाईंदरमधल्याच एखाद्या नेत्रतज्ज्ञाकडे रंगदृष्टी तपासून घ्या. दोन वर्षं अभ्यास करून शेवटच्या टप्प्यावर हे कळणं फार क्लेशाचं असतं.

निवड झाली की प्रशिक्षण. प्रयागराजचं नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण महाविद्यालय १९४८ पासून हे काम करतं. हैदराबादला आणि आपल्या गोंदियालाही केंद्र आहे. तिथून उत्तीर्ण झालात तरी लगेच माइक हाती येत नाही. नेमणुकीच्या ठिकाणी अनुभवी कंट्रोलर शेजारी स्वतःचा हेडसेट लावून बसतो, तुमचा प्रत्येक शब्द ऐकतो, आणि गरज पडली की मध्येच सूत्रं हाती घेतो. भरल्या खोलीत चूक दुरुस्त केली जाते, तीही त्याच क्षणी. मग परीक्षा, मग रेटिंग. ते रेटिंग त्या ठिकाणापुरतं आणि त्या कामापुरतं असतं. बदली झाली की नव्या आकाशाचा नकाशा पाठ करून पुन्हा परीक्षा द्यायची. निवृत्तीपर्यंत विद्यार्थी राहायची तयारी हवी.

पगाराचं उत्तर असं, की मूळ वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,००० रुपये आणि भत्ते धरून वर्षाला सुमारे १३ लाख, असं जाहिरातींत दिलेलं असतं. त्यात भविष्यनिर्वाह निधीसारख्या गोष्टी धरलेल्या असल्यामुळे हातात कमी येतात. अलीकडच्या जाहिरातींनुसार प्रशिक्षणानंतर तीन वर्षं नोकरी करण्याचा सात लाखांचा बाँडही द्यावा लागतो. पोस्टिंगचं उत्तर असं, की भारतात कुठेही. मुंबईला माणसं बरीच लागतात, पण पहिली नेमणूक घराजवळच होईल या भरवशावर मीरा रोडला फ्लॅट घेऊ नका. पुण्याला लोहगावचं नियंत्रण हवाई दलाकडे आहे, गोव्यात दाबोळीचं नौदलाकडे. पण नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूरसारखी ठिकाणं प्राधिकरणाकडे आहेत आणि लहान विमानतळावर हात बसवणं नवख्याच्या फायद्याचं असतं, असं मला वाटतं.

शेवटची गोष्ट पैशांची. ‘एटीसी कोर्स’, ‘एव्हिएशन डिप्लोमा’ अशा नावांनी लाखाची फी घेणाऱ्या संस्थांच्या जाहिराती लोकलच्या डब्यात आणि मोबाइलवर रोज दिसतात. या पदासाठी अशा कुठल्याही डिप्लोमाची अट नाही. नागरी विमानतळांसाठीचं खरं प्रशिक्षण निवड झाल्यावर प्राधिकरणच देतं. परीक्षेच्या तयारीसाठी क्लास लावायचा तर जरूर लावा, पण ‘नोकरीची हमी’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. जाहिरात दर वर्षी येईलच असं नाही, म्हणून पदवीनंतर नुसतं तिची वाट बघत बसू नका. दुसरी नोकरी किंवा दुसरी परीक्षा हाताशी ठेवा आणि प्राधिकरणाचं अधिकृत संकेतस्थळ दर आठवड्याला स्वतः उघडून पाहा. अर्ज तिथेच भरला जातो, आणि महिलांना व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना त्याचं शुल्कही माफ असतं.